भावाला पाठविलेली चित्रे

हॉलंड देशातील ॲमस्टरडॅम शहरात एक चित्रसंग्रहालय आहे. तेथील भिंतींवरील चित्रे पाहण्यासाठी जगाच्या सर्व भागांतून लोक येतात. परंतु त्याच इमारतीत जुन्या पत्रांचाही एक मोठा संग्रह काळजीपूर्वक जतन केलेला आहे. पत्रांच्या कागदांवर घड्यांच्या खुणा अजून दिसतात. एके काळी काळी असलेली शाई आता बहुतेक ठिकाणी तपकिरी झाली आहे. अक्षर भराभर लिहिलेले आहे. लिहिता लिहिता मध्येच ओळी थांबतात आणि तेथे एखादे चित्र उमटते. कोठे कालव्यावरील उचलता पूल, कोठे शेतात बी फेकीत चाललेला शेतकरी, तर कोठे एक लहानशी खोली आणि तीत एक खाट व दोन खुर्च्या. चित्र पुरे झाले की ओळी पुन्हा पुढे चालू लागतात.

ही पत्रे लिहिणारा चित्रकार म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्यांतील बहुतेक पत्रे त्याने आपला धाकटा भाऊ थिओ ह्यास लिहिलेली आहेत. व्हिन्सेंटच्या चित्रांना आज जी कीर्ती लाभली आहे, तिचा अल्पांशही त्याच्या हयातीत त्याच्या वाट्यास आला नाही. त्याची चित्रे आवडीने व सातत्याने पाहणारा, त्याच्या वेड्यावाकड्या पहिल्या रेघांपासून शेवटच्या चित्रापर्यंत सर्व काही जपून ठेवणारा असा एकच मनुष्य जगात होता. आणि त्यालाही ती चित्रे पुष्कळदा प्रथम दिसत ती टपालाने आलेल्या कागदावरच.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडच्या दक्षिण भागातील झुंडर्ट ह्या खेड्यात झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. मिळकत बेताची, कुटुंब मोठे, आणि घरातील शिस्त कडक. आईला चित्रकलेची आवड होती. ती फावल्या वेळी फुलांची चित्रे काढीत असे. सहा भावंडांत व्हिन्सेंट सर्वांत मोठा. तो अबोल व एकलकोंडा होता. गावाबाहेरच्या माळरानावर एकटेच हिंडावे, किडे गोळा करावे, पक्ष्यांची घरटी शोधावी, ह्यातच त्याचा वेळ जाई. थिओ त्याच्याहून चार वर्षांनी लहान होता. तो स्वभावाने सौम्य व मनमिळाऊ होता, आणि ह्या विक्षिप्त थोरल्या भावावर त्याची लहानपणापासून भक्ती होती.

व्हॅन गॉग घराण्यातील कित्येक जण चित्रांचा व्यापार करीत असत. त्यामुळे वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १८६९ साली, व्हिन्सेंटला हेग शहरात गूपील नावाच्या पेढीत नोकरी मिळाली. ही पेढी मूळची पॅरिसची. तिच्या निरनिराळ्या शहरांत शाखा होत्या व तेथे चित्रांची आणि चित्रांच्या छापील प्रतींची विक्री होत असे. १८७२ च्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांचा थिओ भावाला भेटण्यास हेगला आला. दोघे गावाबाहेर दूरवर फिरावयास गेले. पाऊस येऊन गेला होता. वाटेतील एका पवनचक्कीपाशी त्यांनी दूध घेतले. एवढीच गोष्ट, परंतु त्या रस्त्याची, त्या पवनचक्कीची आणि त्या दुधाची आठवण व्हिन्सेंटच्या पत्रांत पुढे कितीतरी वर्षांनी निघते. थिओ घरी परतल्यावर सप्टेंबर महिन्यात व्हिन्सेंटने त्यास पत्र लिहिले. उपलब्ध असलेल्या त्याच्या पत्रांतील हे पहिले पत्र होय. पुढच्याच वर्षी थिओही त्याच पेढीच्या ब्रुसेल्स येथील शाखेत नोकरीस लागला.

१८७३ साली व्हिन्सेंटची लंडनला बदली झाली. संध्याकाळी पेढी बंद झाली म्हणजे घरी जाताना तो टेम्स नदीच्या काठी उभा राहून समोरचे दृश्य कागदावर उतरविण्याचा प्रयत्न करी. परंतु जवळची वस्तू मोठी व दूरची लहान कशी दाखवावी, रस्ता व नदी दूर जाताना त्यांच्या रेषा कोठे मिळवाव्या, हे त्यास कोणी शिकविलेले नव्हते. त्यामुळे ते प्रयत्न फसले. चित्रकार व्हावे असा विचारही त्या काळी त्याच्या मनात आला नव्हता. हेगमधील आपल्या वरिष्ठांच्या लहान मुलीकरिता मात्र त्याने रेखाचित्रांच्या तीन चिमुकल्या वह्या तयार केल्या. पुढे ज्याने शेकडो चित्रे काढली, त्याच्या ह्या आरंभीच्या वह्या एका बालिकेच्या करमणुकीसाठी होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ह्यानंतरची काही वर्षे मोठ्या ओढाताणीची गेली. व्यापारात व्हिन्सेंटचे मन रमेना. गिऱ्हाइकाला जे आवडते ते वाईट आहे असे वाटले तर तो त्यास तसे स्पष्ट सांगून मोकळा होई. अर्थात अशा माणसाला दुकानात कोण ठेवील? १८७६ साली त्याची नोकरी सुटली. मग त्याने इंग्लंडमध्ये शाळेत शिकविले, हॉलंडमध्ये पुस्तकांच्या दुकानात काम केले, वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक होण्यासाठी ॲमस्टरडॅमला अभ्यास आरंभिला व तोही सोडून दिला. शेवटी १८७८ च्या डिसेंबरात तो बेल्जममधील बोरिनाज नावाच्या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात धर्मप्रचारक म्हणून गेला.

तेथील लोकांची स्थिती पाहून तो गलबलून गेला. एका जुन्या व धोकादायक खाणीत तो स्वतः सुमारे सातशे मीटर खोल उतरला आणि अंधारात, पाणी झिरपणाऱ्या अरुंद बिळांत काम करणारी माणसे व मुले त्याने पाहिली. त्याने आपले चांगले कपडे वाटून टाकले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि तो स्वतः गवतावर निजू लागला. वास्तविक हा धर्माचाच आचार होता. परंतु प्रचारकाने असे दरिद्री होऊन राहणे वरिष्ठांना शोभेसे वाटले नाही. १८७९ साली त्यांनी त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात थिओ त्याला भेटण्यास आला. भावाने आता काहीतरी उद्योग धरावा, घरच्यांवर भार होऊन राहू नये, असे त्याने सुचविले. थिओचे बोलणे चुकीचे नव्हते. परंतु ते व्हिन्सेंटच्या जिव्हारी लागले. त्याने पत्र लिहिणे बंद केले. सुमारे दहा महिने दोघा भावांत अक्षराचीही देवघेव झाली नाही. व्हिन्सेंटच्या आयुष्यातील ह्या महिन्यांविषयी आपणास फार थोडे ठाऊक आहे, ह्याचे कारण हेच.

हे मौन थिओनेच मोडले, आणि तेही एक शब्द न लिहिता. तो आता पॅरिसच्या शाखेत काम करीत होता. त्याने भावासाठी पन्नास फ्रँक घरी पाठविले व ते वडिलांच्या हस्ते व्हिन्सेंटला मिळाले. पैसे स्वीकारताना व्हिन्सेंटला संकोच वाटला, परंतु आभार मानणे प्राप्तच होते. म्हणून १८८० च्या उन्हाळ्यात त्याने लेखणी उचलली. आभाराच्या चार ओळी लिहावयास बसलेल्या त्या माणसाने पानांमागून पाने भरली. आपण आळशी नाही; हाती काम नसल्यामुळे पिंजऱ्यात सापडलेल्या पक्ष्यासारखी आपली अवस्था झाली आहे, असे त्याने भावापुढे मन मोकळे केले. त्यानंतर काही आठवड्यांतच चित्रकलेलाच वाहून घेण्याचा त्याचा निश्चय झाला. ऑगस्टमधील एका पत्रातून त्याने एक चित्र थिओला पाठविले. भल्या पहाटे बर्फातून, काटेरी कुंपणाच्या कडेने, खाणीकडे चाललेले मजूर त्यात दाखविले आहेत. माणसे ताठ आणि ओबडधोबड आली आहेत. व्हिन्सेंट त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. ज्या वयात इतर चित्रकारांचे शिक्षण संपून नाव होऊ लागते, त्या वयात हा नवशिका प्रथमच पेन्सिल घेऊन बसला होता.

थिओने ते चित्र पाहून भावाची हेटाळणी केली नाही. त्याने छापील चित्रांचे नमुने पाठविण्यास आरंभ केला. ते नमुने समोर ठेवून, तीच आकृती दहादहा वेळा गिरवून, व्हिन्सेंटने हात तयार केला. शेतकऱ्यांची चित्रे काढणारा फ्रेंच चित्रकार मिले हा त्याचा आदर्श होता. हळूहळू थिओने भावाच्या खर्चाची जबाबदारीच पत्करली. पुढे तो दरमहा सुमारे दीडशे फ्रँक पाठवू लागला. रंग, कागद, घरभाडे, भाकरी, सर्व काही त्यातूनच भागवावयाचे. ह्या पैशांच्या मोबदल्यात व्हिन्सेंट पत्रे पाठवी, आणि पत्रांतून आपले काम दाखवी.

डच भाषेत अशा लहान चित्राला तो जो शब्द वापरी, त्याचा अर्थ आपल्या मराठीत खरड असा होईल. परंतु ह्या खरडी निरर्थक नव्हत्या. १८८२ साली तो हेगमध्ये राहत असताना त्याने थिओला एका विलक्षण उपकरणाचे चित्र काढून पाठविले. जमिनीत रोवावयाच्या दोन काठ्या व त्यांवर बसविलेली एक लाकडी चौकट, असे ते उपकरण होते. चौकटीत उभ्या, आडव्या व तिरप्या तारा ताणलेल्या होत्या. काठ्यांच्या टोकांना लोखंडी अणी बसवून त्याने ती लोहार व सुताराकडून करवून घेतली होती. समुद्रकाठच्या वाळूत किंवा कुरणात चौकट उभी करावयाची आणि खिडकीतून पाहावे तसे तिच्यातून पाहावयाचे. समोरील दृश्यावर तारांचे जाळे पडल्यासारखे दिसे. तशाच रेषा कागदावर हलक्या हाताने आखून घेतल्या म्हणजे होडीची डोलकाठी कोणत्या घरात येते आणि क्षितिज कोणत्या तारेवर आहे हे नेमके समजे. टेम्सच्या काठी जे साधले नव्हते, ते साधण्याचा उपाय त्याने असा शोधला. पत्रात त्याने ती चौकट निराळी काढून दाखविली आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावर ती रोवून काम करीत असलेला स्वतःही चित्रित केला आहे.

त्याच ऑगस्ट महिन्यात त्या किनाऱ्यावर वादळात उभे राहून त्याने समुद्राचे एक तैलचित्र रंगविले. वाऱ्याने उडणारी वाळू ओल्या रंगावर चिकटली. तिचे काही कण त्या चित्रात अद्यापही रुतून बसलेले आहेत.

हेगमध्ये त्याच्या एका काकाने शहराची बारा रेखाचित्रे मागवून त्यास एकंदर तीस गिल्डर दिले. ही त्याच्या चित्रांना आलेली पहिली मागणी. परंतु अशा मागण्या पुढे फारशा आल्या नाहीत. त्यातच त्याने एका निराधार स्त्रीला व तिच्या मुलांना आपल्या घरी आश्रय दिला. नातेवाईक रागावले, परिचितांनी तोंड फिरविले. थिओलाही हे पसंत नव्हते. तरी त्याचे पैसे येणे थांबले नाही.

दोघा भावांत सदैव गोडीगुलाबीच होती, असे मात्र कोणी समजू नये. व्हिन्सेंट हट्टी होता आणि त्याची जीभही तिखट होती. आपले एकही चित्र थिओने विकले नाही, विकण्याचा प्रयत्नही केला नाही, असा आरोप त्याने १८८४ साली पत्रातून केला. ज्याच्या पैशावर आपण जगतो त्यालाच असे लिहिणे हा कृतघ्नपणा होता, असे म्हणावे लागेल. परंतु भावाच्या दानावर जगण्याची बोच त्याला रात्रंदिवस सलत होती, हेही खरे. शेवटी त्यानेच एक तोड सुचविली. थिओने पाठविलेला पैसा हे दान समजावयाचे नाही. व्हिन्सेंट काढील ती सर्व चित्रे थिओच्या मालकीची व्हावीत आणि पैसा हा त्यांची किंमत ठरावा. थिओने हे मान्य केले. व्यापारी दृष्टीने पाहता त्या काळी ह्याहून आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नसेल.

ह्या सुमारास व्हिन्सेंट नूनेन ह्या खेड्यात आईवडिलांकडे राहत होता. एका हिवाळ्यात त्याने तेथील शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे सुमारे चाळीस अभ्यास रंगविले, आणि १८८५ च्या वसंत ऋतूत बटाटे खाणारे शेतकरी हे आपले पहिले मोठे चित्र हाती घेतले. एका कंदिलाच्या उजेडात पाच माणसे मेजाभोवती बसून बटाटे खात आहेत. चित्र पूर्ण होण्यापूर्वीच त्याची खरड थिओकडे गेली होती. ज्या हातांनी ही माणसे ताटातील अन्न उचलतात त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे चित्र पाहणाऱ्याला कळावे, अशी त्याची इच्छा होती. म्हणून न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा रंग त्याने त्या चेहऱ्यांना दिला. एका मित्राने ह्या चित्रावर कडक टीका केली, आणि ती मैत्री त्यानंतर टिकली नाही.

१८८६ च्या फेब्रुवारीत व्हिन्सेंट अचानक पॅरिसला थिओच्या घरी येऊन दाखल झाला. दोन वर्षे दोघे भाऊ एकत्र राहिले. नव्या पद्धतीने काम करणारे अनेक चित्रकार त्याला तेथे भेटले आणि त्याच्या चित्रांतील काळोख जाऊन त्यांत उजळ रंग आले. परंतु ह्या दोन वर्षांची पत्रे अगदी मोजकी आहेत. एकाच घरात राहणाऱ्या भावाला पत्र कशाला लिहावयाचे? त्यामुळे त्याच्या चित्रकलेतील सर्वांत मोठा बदल ज्या काळात घडला, त्याच काळाबद्दल त्याची पत्रे जवळजवळ मुकी आहेत.

१८८८ च्या फेब्रुवारीत तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल ह्या गावी गेला आणि पत्रांचा ओघ पुन्हा सुरू झाला. तेथील ऊन, फुललेली फळझाडे, कालव्यावरील पूल व पिवळी शेते पाहून त्याचे भान हरपले. तो रोज उठून उन्हात चालत जाई आणि एका दिवसात एक तैलचित्र पुरे करी. तेथील बोरू तोडून त्याने लेखण्या केल्या. बोरूचा टाक कोठे जाड तर कोठे बारीक उमटतो. त्यामुळे नुसत्या ठिपक्यांनी व आखूड रेषांनी गवत, नांगरलेली जमीन आणि तळपणारा सूर्य दाखविणे त्यास साधले.

तैलरंग वाळण्यास पुष्कळ दिवस लागतात. चित्र वाळावे, त्याची गुंडाळी करावी, ती मालगाडीने पॅरिसला रवाना व्हावी, ह्यास वेळ जाई. पत्र त्या मानाने लवकर पोहोचे. म्हणून तो चित्राची खरड आधी पत्रातून पाठवी. शाईला रंग नसतो. तेव्हा भिंत कोणत्या रंगाची, आकाश कोणत्या छटेचे, हे तो शब्दांनी लिही. काही खरडींत तर त्या त्या जागेवरच रंगाचे नाव लिहिलेले आहे. थिओप्रमाणेच एमिल बर्नार ह्या तरुण चित्रकार मित्रालाही त्याने अशी पत्रे लिहिली. १८८८ च्या उन्हाळ्यात त्याने आपल्या तैलचित्रांवरून मुद्दाम रेखाचित्रे तयार केली आणि बर्नारला पंधरा, रसेल नावाच्या ऑस्ट्रेलियन मित्राला बारा व थिओला पाच पाठविली.

आर्ल येथे त्याला लाभलेला जिवलग मित्र हा टपालखात्यातीलच मनुष्य होता. जोझेफ रूलँ हा रेल्वे स्थानकावर टपालाच्या थैल्या चढविण्या-उतरविण्याच्या कामावर होता. निळा गणवेश व भरघोस दाढी असलेल्या ह्या माणसाची, त्याच्या बायकोची व मुलांची अनेक चित्रे व्हिन्सेंटने काढली.

त्याच गावात त्याने एक पिवळ्या रंगाचे घर भाड्याने घेतले. तेथे चित्रकारांनी एकत्र राहून काम करावे, असे त्याचे स्वप्न होते. १८८८ च्या ऑक्टोबरात अतिश्रमाने डोळे थकून त्याला विश्रांती घ्यावी लागली. ती घेता घेताच त्याने आपल्या निजावयाच्या खोलीचे चित्र आरंभिले आणि १६ ऑक्टोबरच्या पत्रात त्याची खरड थिओला पाठविली. भिंती फिकट जांभळ्या, फरशी तांबडी, खाट व खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, खिडकी हिरवी, पाण्याचे भांडे निळे, अशी सगळी यादीच त्याने दिली. चित्राकडे पाहून मनाला विसावा मिळावा, हा त्याचा हेतू होता.

ह्या खरडीचे महत्त्व पुढे निराळ्याच रीतीने प्रत्ययास आले. आज ते चित्र पाहणाऱ्यास खोलीच्या भिंती निळ्या दिसतात. मग व्हिन्सेंटने जांभळ्या असे का लिहिले? संशोधकांनी चित्रातील रंगद्रव्ये तपासली, तेव्हा असे आढळले की, जांभळा रंग करण्यासाठी त्याने निळ्यात जो तांबडा रंग मिसळला होता, तो उजेडाने उडून गेला आहे. चित्र जे विसरले, ते पत्राने लक्षात ठेवले.

त्याच महिन्यात चित्रकार गोगँ पिवळ्या घरात राहावयास आला. परंतु दोघांचे स्वभाव जुळले नाहीत, वादविवाद वाढले, आणि डिसेंबरच्या अखेरीस व्हिन्सेंटला मनोविकाराचा तीव्र झटका आला. त्या भरात त्याने स्वतःला गंभीर इजा करून घेतली. थिओ रात्रीच्या गाडीने धावून आला. तो परत गेल्यावर रूलँने रुग्णालयात जाऊन मित्राची विचारपूस केली व त्याच्या प्रकृतीची हकीकत पत्रांनी थिओला कळविली. पुढे आजार उलटू लागला, तेव्हा १८८९ च्या मे महिन्यात व्हिन्सेंट आपण होऊन सँ रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. आजार ओसरला की तो पुन्हा कामास बसे. खोलीच्या गजांआडून दिसणारे शेत, बागेतील झाडे, रात्रीचे तारे, हेच त्याचे विषय. तेथील एका वर्षात त्याने सुमारे दीडशे चित्रे रंगविली.

थिओचा विवाह १८८९ च्या एप्रिलमध्ये योहाना बाँगर ह्या सुशिक्षित तरुणीशी झाला होता. ३१ जानेवारी १८९० रोजी त्यांना मुलगा झाला आणि त्यांनी त्याचे नाव व्हिन्सेंटच ठेवले. काकाने पुतण्यासाठी निळ्या आकाशावर फुललेल्या बदामाच्या फांद्यांचे एक चित्र काढून पाठविले. त्याच सुमारास ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याचे लाल द्राक्षमळ्याचे चित्र चारशे फ्रँकना विकले गेले. अनेक वर्षांच्या कष्टांनंतर एक प्रकाशाचा किरण दिसू लागला होता.

मे महिन्यात व्हिन्सेंट पॅरिसजवळच्या ओव्हेर ह्या खेड्यात राहण्यास आला. तेथील सत्तर दिवसांत त्याने जवळजवळ तितकीच चित्रे काढली. परंतु मन स्थिर नव्हते. थिओची नोकरी डळमळीत झाली होती, घरात लहान मूल आजारी पडत होते. आपला भार आणखी किती दिवस त्याच्यावर टाकावयाचा, ह्या चिंतेने त्याला घेरले. २३ जुलै १८९० रोजी त्याने थिओला पत्र धाडले. त्यात रंगांची मागणी आहे, आणि दोबिन्यी ह्या चित्रकाराच्या बागेची व इतर चित्रांची खरडही आहे. चार दिवसांनी, २७ जुलै रोजी, त्या आजाराने पुन्हा उचल खाल्ली व त्याने स्वतःच्याच हाताने आपल्यावर प्राणघातक जखम करून घेतली. निरोप मिळताच थिओ आला व अखेरपर्यंत भावाच्या उशाशी बसून राहिला. २९ जुलैच्या पहाटे व्हिन्सेंटने देह ठेवला. त्याचे वय तेव्हा अवघे सदतीस वर्षांचे होते. थिओला लिहावयास घेतलेले आणखी एक पत्र त्याच्याजवळ सापडले. ते कोणत्या दिवशी त्याच्यापाशी होते, ह्याची नोंद थिओने स्वतः त्यावर करून ठेवली.

थिओची प्रकृतीही ढासळत होती. सहा महिन्यांच्या आत, २५ जानेवारी १८९१ रोजी, युट्रेख्ट येथे त्याचाही अंत झाला.

अठ्ठावीस वर्षांची योहाना तान्ह्या मुलासह एकटी राहिली. कोणाला नको असलेली शेकडो चित्रे आणि पतीने मेजाच्या कप्प्यात साठविलेली पत्रे, एवढीच तिची इस्टेट. थिओने भावाचा कागद न् कागद ठेवला होता. व्हिन्सेंटची गोष्ट निराळी. त्याचा मुक्काम सदा हलता, आणि आलेले पत्र जपून ठेवण्याची त्याला सवय नव्हती. त्यामुळे त्याने थिओला लिहिलेली सुमारे साडेसहाशे पत्रे आज आहेत, तर थिओने त्याला लिहिलेली चाळीसच्या आसपासच उरली आहेत.

योहाना हॉलंडमध्ये परतली. बुसम गावी तिने पाहुण्यांसाठी खानावळीसह वसतिगृह चालविले, मुलाला वाढविले, आणि रात्री दिव्यापाशी बसून ती पत्रे वाचू लागली. व्हिन्सेंट पुष्कळदा पत्रावर तारीख घालीत नसे. मग कोणत्या पत्रात कोणत्या चित्राचा उल्लेख आहे, कोणता ऋतू आहे, कोणाची खुशाली विचारली आहे, अशा खुणांवरून तिला त्यांचा क्रम लावावा लागला. पत्रे छापण्याची मात्र तिने घाई केली नाही. आधी लोकांनी चित्रे पाहावीत, मग चित्रकाराचे दुःख वाचावे, असे तिचे मत होते. तिने गावोगावी प्रदर्शने भरविली. १९०५ साली ॲमस्टरडॅमला भरविलेल्या प्रदर्शनात चारशेहून अधिक चित्रे होती. पतीच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी, १९१४ साली, तिने ती पत्रे तीन खंडांत प्रसिद्ध केली. पुढे त्यांचे इंग्रजी भाषांतर तिने हाती घेतले. १९२५ साली ती वारली, तोपर्यंत ते काम चालूच होते.

तिच्या मुलाने हा संग्रह पांगू दिला नाही. त्यातूनच १९७३ साली ॲमस्टरडॅमचे संग्रहालय उघडले. उजेडाने शाई आणखी फिकी होते, म्हणून ती पत्रे बहुतांश काळ तेथे अंधारात ठेवावी लागतात. २००९ साली उपलब्ध सर्व पत्रे, त्यांतील दोनशेहून अधिक खरडींसह, नव्याने प्रकाशित झाली.

ज्या वर्षी पत्रे प्रथम छापून निघाली, त्याच १९१४ साली योहानाने आणखी एक काम केले. थिओच्या अस्थी तिने युट्रेख्टहून फ्रान्समध्ये आणविल्या. ओव्हेरच्या दफनभूमीत, कुंपणाच्या भिंतीलगत, व्हिन्सेंटच्या थडग्याशेजारी तिने त्या पुरविल्या. आता दोन्ही थडग्यांवर मिळून एकच हिरवी वेल पसरलेली आहे, आणि भिंतीपलीकडे गव्हाची शेते आहेत.